तिकीट खिशात असतं तरी इटलीत दंड बसतो, तेव्हा काय काय तपासायचं

मी मूळची डोंबिवलीची, गेली बारा वर्षं मिलानमध्ये राहते. या बारा वर्षांत एकच फोन मला इतक्यांदा आलाय की आता पलीकडून "ताई, एक प्रॉब्लेम झालाय" एवढं ऐकलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तिकिटावर शिक्का आहे का? शिकायला आलेली मुलं, ऑफिसच्या कामाला आठवडाभर आलेले लोक, मुलाकडे तीन महिने राहायला आलेले आईबाबा, टूर न घेता स्वतःचं स्वतः फिरणारी जोडपी, सगळ्यांचं दुखणं एकच. तिकीट काढलेलं असतं, पैसे भरलेले असतात, फुकट जायचा विचार मनातसुद्धा आलेला नसतो आणि तरी दंडाची पावती हातात पडते. पैसे जातात ते जातातच, पण भरल्या बसमध्ये चार लोकांसमोर आपल्याला फुकटे ठरवलं हे जास्त लागतं. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतेय, सोप्या तपासणीपासून अवघड तपासणीपर्यंत, याच क्रमाने बघत गेलात तर दहातल्या आठ वेळा पहिल्या दोन गोष्टींतच चूक सापडते.

आधी लक्षणं

तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते बघा. तपासनीस तिकीट हातात घेतो, उलटंपालटं करतो आणि मान हलवतो, आणि तिकिटाची एक कड कोरी असते. किंवा मेट्रोत शिरताना गेट उघडलं पण बाहेर पडताना लाल दिवा लागून अडलं. किंवा बँकेचं कार्ड टेकवून प्रवास केला, तपासनिसाने त्याच्या मशीनवर कार्ड वाचलं आणि म्हणाला यावर आजचा प्रवासच नाही. किंवा ट्रेनमध्ये मोबाईलवर तिकीट दाखवलं, तारीख बरोबर, नाव बरोबर, तरी टीसी म्हणतो हे चालणार नाही. किंवा तिकिटावर शिक्का आहे, वेळही शिल्लक आहे, तरी दुसऱ्यांदा मेट्रोचं गेट घेत नाही. यातलं काहीही झालं असेल तर पुढे वाचा. बसच आली नाही, संप होता, हा वेगळा आजार आहे, त्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

हे होतं कशामुळे

आपल्याकडे तिकीट काढलं की प्रवास सुरू, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर स्वतः जवळ येतो, तिकीट देतो, विषय संपला. इटलीत शहरातल्या बसमध्ये कंडक्टर नसतो. तिकीट तुम्ही आधीच कुठूनतरी घेऊन ठेवायचं, ‘ताबाक्की’ म्हणजे बाहेर मोठा टी लावलेलं तंबाखूचं दुकान असतं तिथून, किंवा पेपरच्या स्टॉलवरून, किंवा मशीनमधून. या कागदी तिकिटावर तारीख नसते, वेळ नसते. आज घ्या, महिन्याने वापरा, दहा घेऊन ठेवा. ते तिकीट जिवंत होतं मशीनमध्ये घालून शिक्का मारल्यावरच. म्हणजे विकत घेणं एक काम आणि सुरू करणं दुसरं काम. बिनशिक्क्याचं तिकीट उद्या परत वापरता येतं, त्यामुळे तपासनिसाच्या दृष्टीने ते तिकीट नसल्यासारखंच आहे, तुमची नियत कितीही चांगली असली तरी.

मुंबईच्या लोकलची कूपनं आठवतात का? सीव्हीएमची ती छोटी पुस्तिका पर्समध्ये असायची, स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून पंच करायची आणि मग गाडीत चढायचं. कोरी कूपनं घेऊन टीसीच्या हाती सापडलं तर पुस्तिका आहे म्हणून कोणी सोडायचं नाही. इटलीतलं प्रकरण अगदी तेच आहे. ज्यांनी ती कूपनं वापरलीयत त्यांना मी एवढंच सांगते आणि त्यांच्या लगेच लक्षात येतं, पण आताच्या मुलांनी ती बघितलेलीच नाहीत.

पहिली तपासणी, फुकट, पाच सेकंदांची: शिक्का आहे का, आणि योग्य जागी मारलाय का

शिक्का मारणं याला इथे ‘तिम्ब्रारे’ किंवा ‘कॉन्वालिदारे’ म्हणतात, हे दोन शब्द पाठ करा. कुठे मारायचा हे वाहनावर आहे आणि गोंधळ नेमका इथेच होतो. बस आणि ट्राममध्ये मशीन आत असतं, चढल्या चढल्या मारायचा, सीट शोधून, बॅग ठेवून, मग नाही. मेट्रोत गेटवरच होऊन जातो. रिजनल ट्रेनचा, म्हणजे गावोगाव थांबणाऱ्या साध्या गाडीचा, मात्र चढायच्या आधी, स्टेशनवर, प्लॅटफॉर्मच्या आसपास छोटी मशीन्स लावलेली असतात तिथे, ट्रेनच्या आत मशीन नसतंच. आणि व्हेनिसला बोटीच्या धक्क्यावर रीडर असतो, बोटीत पाऊल टाकायच्या आधी तिथे तिकीट टेकवायचं.

साताऱ्याची एक मुलगी, इटलीत येऊन दुसरा दिवस, युनिव्हर्सिटीत कागदपत्रं द्यायला निघाली होती. तिकीट घडी पडू नये म्हणून तिने पासपोर्टच्या कव्हरमध्ये जपून ठेवलं होतं, कोरं करकरीत. तपासनीस आला तेव्हा तिने अभिमानाने काढून दाखवलं. त्याने तिकीट फिरवलं, ज्या टोकाला बाणाची खूण असते त्या टोकावर बोट ठेवलं आणि काही न बोलता बसमधल्या मशीनकडे बोट दाखवलं. मशीन तिच्यापासून तीन हातांवर होतं. ती उठून शिक्का मारायला गेली तर त्याने अडवलं, कारण तपासणी सुरू झाल्यावर मारलेला शिक्का धरत नाहीत, उलट मुद्दाम थांबली होती असा अर्थ काढतात. स्टॉपवर उतरून तिने मला फोन केला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं इतकी रडत होती. तिचं म्हणणं एकच, मी तर पैसे दिलेत ना. दिलेत गं बाई, पण प्रवास सुरू केला नव्हतास.

फ्लॉरेन्सच्या ट्राममध्ये हे फार होतं. विमानतळावरून शहरात येणारी टी२ लाइन २०१९ पासून सुरू आहे, साधं १.७० युरोचं तिकीट चालतं, लोक सामान घेऊन चढतात, गर्दीत मशीनपर्यंत पोचत नाहीत आणि म्हणतात पुढच्या स्टॉपला मारू. गर्दी होती हे कारण कोणी ऐकून घेत नाही. अशा वेळी तिकीट शेजारच्या माणसाच्या हातात द्या आणि म्हणा, "पुओ तिम्ब्रारे, पेर फावोरे?" तो पुढच्याला देईल, पुढचा मारून परत पाठवेल, आपल्याकडे बसमध्ये पैसे पुढे पास करतात ना तसंच, इथे कोणाला त्यात वावगं वाटत नाही. तिकीट परत आलं की शिक्का दिसतोय का ते बघून मगच खिशात टाका.

मोबाईलवरच्या तिकिटालाही हेच लागू आहे, तिथे शिक्क्याऐवजी ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायचं असतं. आणि त्रेनइतालिया या सरकारी रेल्वे कंपनीच्या रिजनल ट्रेनच्या डिजिटल तिकिटाला ऑगस्ट २०२३ पासून चढायच्या आधी चेक-इन करायचा नियम होता, तो नंतर बदलला, पण तुमच्या तिकिटावर चेक-इन मागितलं असेल तर करा, ईमेलमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये ते बटण असतं. पीडीएफ आहे, क्यूआर कोड आहे, तारीख आहे, म्हणजे झालं असं वाटतं, पण मागितलेलं चेक-इन केलं नसेल तर ते कोऱ्या तिकिटासारखंच. स्टेशनवर नेट कधीकधी मरतं, म्हणून हे प्लॅटफॉर्मवर पोचायच्या आधी करून टाकावं. फ्रेच्चारोस्सा, इतालो, इंटरसिटी या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या तिकिटावर ट्रेन नंबर आणि सीट छापलेली असते, त्यांना शिक्का नको आणि चेक-इनही नको, कारण ते तिकीट दुसऱ्या गाडीला वापरताच येत नाही. कुठल्या तिकिटाला शिक्का लागतो हे विसरलात तर हाच प्रश्न स्वतःला विचारा, हे तिकीट दुसऱ्या गाडीला परत वापरता येईल का? येत असेल तर शिक्का हवा.

दुसरी तपासणी, एका पेनाच्या किमतीची: मशीनने खरंच काम केलं का

मशीनमध्ये तिकीट घातलं की कर्रर्र आवाज येतो आणि तिकीट बाहेर ढकललं जातं, आणि आपण न बघता ते घडी करून ठेवतो. बघा त्याच्याकडे. तारीख, वेळ, काही शहरांत लाइनचा नंबर, हे आकडे वाचता आले पाहिजेत. एकदा माझ्या तिकिटावर नुसती फिकट जांभळी रेघ उमटली होती, रिबन वाळलेली असावी, उजेडात तिरकं धरल्यावर एक ८ आणि एक टिंब एवढंच दिसत होतं. त्या दिवशी शेजारी बसलेल्या आजींनी स्वतःच्या पर्समधून पेन काढून दिलं आणि म्हणाल्या लिही, तारीख, वेळ, बसचा नंबर. दोन स्टॉपनंतर तपासणी आली. तपासनिसाने माझं हस्ताक्षर वाचलं, जाऊन मशीनमध्ये स्वतःजवळचा कागद घालून बघितला, परत आला आणि तिकीट परत दिलं. तेव्हापासून माझ्या बॅगेत पेन कायम असतं.

तर मशीन बंद असेल, दिवा लागत नसेल, ‘फुओरी सेर्वित्सियो’ असं लिहिलेलं असेल, तर आधी दुसरं मशीन शोधा, मोठ्या बसमध्ये आणि ट्राममध्ये एकापेक्षा जास्त असतात. सगळीच बंद असतील तर ड्रायव्हरला सांगा, "ला माक्किना नॉन फुन्त्सियोना", आणि पेनाने तिकिटावर तारीख, वेळ, स्टॉपचं नाव, बसच्या आत लिहिलेला गाडी नंबर लिहा, आणि बंद मशीनचा फोटो काढा. ट्रेनच्या बाबतीत चढल्याबरोबर टीसीला तुम्ही जाऊन शोधायचं, तो येईपर्यंत बसून राहायचं नाही. हे सगळं कशासाठी, तर तपासनिसाने विचारायच्या आधी तुम्ही सांगितलंत हे दिसलं पाहिजे. विचारल्यावर सांगितलेलं कारण आणि आधी लिहून ठेवलेलं कारण यात इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तिसरी तपासणी: वेळ उरलाय का, आणि कशासाठी उरलाय

प्रत्येक शहराचं घड्याळ वेगळं. मिलानला साधं तिकीट ९० मिनिटं, २.२० युरो. रोमला १०० मिनिटं, १.५० युरो. फ्लॉरेन्सला ९०. व्हेनिसच्या बोटीला, म्हणजे व्हापोरेत्तोला, ७५ मिनिटं आणि भाडं तब्बल ९.५० युरो. भाडी वाढत असतात त्यामुळे निघायच्या आधी एकदा बघून घ्या, पण मिनिटं सहसा बदलत नाहीत.

रोमचा सापळा सगळ्यात जास्त लोकांना धरतो. तिकीट १०० मिनिटं चालतं हे खरं, बस आणि ट्राम कितीही बदला, पण मेट्रोचा प्रवास एकच. तेर्मिनी या मुख्य स्टेशनवर ए लाइनवरून बी लाइनवर गेटच्या आतल्या आत बदललं तर तो एकच प्रवास धरतात. पण स्पान्या स्टेशनला उतरून बाहेर आलात, तिथल्या प्रसिद्ध पायऱ्यांवर फोटो काढले आणि पंधरा मिनिटांनी परत मेट्रोत शिरायला गेलात तर गेट उघडणार नाही, शिल्लक ८० मिनिटं असली तरी. बिघाड नाहीये तो, नियमच तसा आहे. त्याच तिकिटावर बस पकडा, चालेल. मिलानमध्ये मात्र २०१९ साली भाड्याची पद्धत बदलली तेव्हापासून ९० मिनिटांत मेट्रोत परत शिरता येतं, म्हणून मिलानहून रोमला गेलेली मुलं हमखास फसतात.

वेळ संपत आलेली असेल तर माझा सल्ला, वेळेच्या आत उतरायचं असंच धरून चाला. प्रवास सुरू होता तेव्हा वेळ होती, हा युक्तिवाद कुठे चालतो कुठे नाही, बसमध्ये उभं राहून त्यावर वाद घालण्यापेक्षा दुसरं तिकीट मारलेलं परवडतं.

चौथी तपासणी: बँकेचं कार्ड, आणि तेच कार्ड

मिलानच्या मेट्रोत २०१८ पासून, आणि हळूहळू बाकीच्या मोठ्या शहरांतही, बँकेचं कार्ड थेट टेकवून जाता येतं. फार सोय झाली, शिक्क्याचा प्रश्न मिटला, पण नवे तीन घोळ आले.

एक म्हणजे कार्ड आणि मोबाईल हे सिस्टीमच्या हिशेबी दोन वेगळी कार्डं असतात. कार्ड तेच, फोनमध्ये टाकलेलंही तेच, बँक खातं तेच, पण फोन मशीनला वेगळा नंबर देतो. सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी कार्ड, तर दिवसभराचा हिशेब एकत्र होत नाही, आणि आत शिरताना फोन, बाहेर पडताना कार्ड असं केलंत तर मिलानच्या गेटला तुमचा प्रवास अर्धवट दिसतो, कारण तिथे बाहेर पडतानाही टेकवायचं असतं. तपासनिसाला दाखवायचंही तेच, जे टेकवलं होतं ते. घड्याळ टेकवलं असेल तर घड्याळ. दुसरं, पाकीटच्या पाकीट टेकवू नका, आत तीन कार्डं असतात, कुठलं वाचलं गेलं कळत नाही आणि नंतर स्टेटमेंटवर दोन ठिकाणचे पैसे कापलेले दिसतात. एकच कार्ड बाहेर काढा.

तिसरा घोळ माणसांचा. नाशिकचे काका-काकू आले होते, काकांनी गेटवर कार्ड टेकवलं, काकूंना पुढे पाठवलं, मग तेच कार्ड परत टेकवून स्वतः आत आले आणि उतरताना दोघंही अडकले, काकू गेटच्या अलीकडे पर्स छातीशी धरून उभ्या आणि मागे माणसांची रांग. काही शहरांत एका कार्डावर जास्त माणसं घेता येतात, पण त्याची पद्धत प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे, स्क्रीनवर वेगळं बटण दाबायचं असतं. म्हणून मी सरळ सांगते, एक माणूस एक कार्ड. दुसरं कार्ड नसेल तर त्या माणसासाठी कागदी तिकीट घ्या. भारतातून आणलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर पहिल्याच दिवशी, घाई नसताना, मेट्रोच्या गेटवर टेकवून बघा, कारण गेटवर नाही चाललं तर निदान तुम्ही अजून बाहेरच असता. ट्राममध्ये चढल्यावर नाही चाललं तर तुम्ही बिनतिकीट प्रवासी असता.

पाचवी तपासणी: झोन

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर आता तिकीट कुठपर्यंतचं आहे ते बघा. मिलानचं साधं तिकीट एमआय१ ते एमआय३ झोनचं असतं. एम१ ही लाल लाइन मात्र त्याच्या पलीकडे रो फिएरापर्यंत जाते, प्रदर्शनाचं मैदान आहे तिथे, फर्निचरचं मोठं प्रदर्शन एप्रिलमध्ये भरतं तेव्हा आपल्याकडचे कितीतरी व्यापारी येतात आणि तिथल्या गेटवर अडतात. मेट्रो तीच, लाइन तीच, पण स्टेशन चौथ्या झोनमध्ये, तिकीट २.६० चं हवं. ४० सेंटचा फरक आणि त्यापायी दंड. एम४ निळ्या लाइनने लिनाते विमानतळाला जायला मात्र शहराचं साधं तिकीट पुरतं. मालपेन्सा विमानतळाला अजिबात नाही.

रोमच्या १.५० च्या तिकिटावर फ्युमिचिनो विमानतळाच्या ट्रेनमध्ये बसू नका. तेर्मिनीहून सुटणारी लिओनार्दो एक्स्प्रेस १४ युरो, आणि एफएल१ ही लोकलसारखी गाडी ८ युरो, ती तेर्मिनीला येत नाही, त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना अशी जाते. व्हेनिसला शेजारच्या मेस्त्रेहून येणाऱ्या बसचं तिकीट १.५० चं असतं, ते ७५ मिनिटांचंच आहे म्हणून लोक त्यावर बोटीत चढतात. बोटीला ते चालत नाही. बस आणि बोट एकाच कंपनीची असली तरी नाही.

सहावी तपासणी: गाडीच चुकीची आहे का

रिजनल तिकीट घेऊन इंटरसिटीत बसणं ही मुलांची नेहमीची चूक. दोन्ही गाड्या त्याच गावाला जातात, इंटरसिटी आधी येते, म्हणून चढतात. बोर्डवर ट्रेन नंबरच्या आधी अक्षरं असतात ती वाचा, आर आणि आरव्ही म्हणजे रिजनल, आयसी म्हणजे इंटरसिटी, एफआर म्हणजे फ्रेच्चारोस्सा. तुमच्या तिकिटावर जे असेल तेच पकडा. रिजनलच्या कागदी तिकिटाला शिक्का मारल्यावर चार तासांची मुदत असते, हेही लक्षात ठेवा, मध्येच उतरून गाव बघून पुढे जायचा बेत असेल तर.

नेपल्सहून पाँपेई बघायला जाताना तर हमखास. उत्खनन बघायचं असेल तर चिर्कुमवेझुव्हियाना या स्थानिक रेल्वेची सोरेन्तोला जाणारी गाडी पकडून ‘पाँपेई स्काव्ही-विला देई मिस्तेरी’ या स्टेशनला उतरायचं. नुसतं पाँपेई नावाचं रेल्वेचं स्टेशन वेगळं, कंपनी वेगळी, तिकीट वेगळं. नाव सारखं म्हणून तिकीट चालेल असं नाही.

सातवी तपासणी, जरा किचकट: पास

शिकायला आलेल्यांसाठी. मिलानला २७ वर्षांच्या आतल्यांना महिन्याचा पास २२ युरोत पडतो, नाहीतर ३९, म्हणून सगळे तोच घेतात. तो कॅलेंडरच्या महिन्याचा असतो, २६ तारखेला घेतलात तर ३१ ला संपतो, तीस दिवस मिळत नाहीत. पास कार्डावर नावानिशी असतो, मैत्रिणीचा घेऊन गेलात तर तो पास नसल्यासारखाच. कार्ड घरी विसरलात आणि पैसे भरल्याचा फोटो दाखवलात तर जागेवर दंड होतो, पण नंतर पास दाखवून तो बराच कमी करून घेता येतो, त्यामुळे अशा वेळी जागच्या जागी सगळे पैसे भरून टाकायच्या आधी तसं विचारा. आणि पास असला तरी दर वेळी टेकवा, हिरवा दिवा दिसला म्हणजे रिन्युअल कार्डावर चढलंय याची खात्री तिथल्या तिथे होते. लहान मुलांचं वय सिद्ध करायला पासपोर्टची प्रत जवळ असू द्या, फुकट प्रवासाची वयाची अट गावागणिक बदलते, व्हेनिसला ६ वर्षांच्या आत, रोमला १० पर्यंत मोठ्या माणसाबरोबर, मिलानला १४ च्या आत.

संपाचं थोडक्यात. ‘शोपेरो’ हा शब्द स्टॉपवर किंवा अ‍ॅपवर दिसला की संप आहे. संप आधी जाहीर होतो, आणि १९९० च्या कायद्यामुळे काही तास गाड्या चालवाव्याच लागतात. मिलानला सहसा सकाळी ८:४५ पर्यंत आणि दुपारी ३ ते ६, रोमला सकाळी ८:३० पर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८, रिजनल ट्रेन कामाच्या दिवशी ६ ते ९ आणि १८ ते २१. त्या दिवशी तिकिटावर शिक्का मारून बदलीच्या बसची वाट बघत बसलात तर वेळ संपून जाते, म्हणून पुढची गाडी खरंच येतेय हे बोर्डवर बघून मगच निघा. आणि स्टॉपवरच्या टाइमटेबलमध्ये ‘फेरियाले’ म्हणजे सुट्टी नव्हे, कामाचा दिवस, शनिवार धरून. रविवार आणि सणवार ‘फेस्तिवो’.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

हे सगळं तपासून झालं, चूक आपलीच आहे हे कळलं, आणि तपासनीस समोर उभा आहे. इथे थांबा. हुज्जत घालू नका, पळू नका, खोटं नाव तर मुळीच सांगू नका. ओळख सांगायला नकार देणं किंवा खोटी ओळख देणं हा इथे वेगळा गुन्हा आहे, तिकिटाचा दंड त्यापुढे काहीच नाही, आणि शिकायला आलेल्यांना पुढे राहण्याचा परवाना रिन्यू करायचा असतो हे विसरू नका. जागेवर किंवा पुढच्या काही दिवसांत भरला तर दंड बराच कमी असतो, ती रक्कम आणि मुदत ‘वेर्बाले’वर म्हणजे दंडाच्या कागदावर छापलेली असते. चूक आपली असेल तर त्या मुदतीत भरून मोकळे व्हा. भारतात परत गेलो की कोण विचारतंय असं म्हणून सोडू नका, इथे राहणाऱ्याची तर ती रक्कम वाढत जाऊन सरकारी वसुलीकडे जाते.

समोरच्याबद्दल शंका आली, म्हणजे ओळखपत्र दाखवत नाही, वेर्बाले लिहीत नाही, नुसते रोख पैसे मागतोय, तर पैसे देऊ नका, "तेस्सेरीनो, पेर फावोरे" म्हणून ओळखपत्र मागा, आणि गरज वाटली तर ११२ ला फोन करा. खरा तपासनीस ओळखपत्र दाखवतो आणि कागद देतोच.

आणि चूक तुमची नाही अशी खात्री असेल, मशीन बंद होतं, पास चालू होता, तर बसमध्ये ते सिद्ध करायच्या भानगडीत पडू नका, तिथे ते होत नाही. वेर्बालेवर तुमचं म्हणणं लिहायला सांगा, ‘नॉन फुन्त्सियोनावा ला माक्किना’ एवढं तरी. दंड भरू नका, कारण भरला की साधारणपणे चूक मान्य केल्यासारखं होतं. १९८१ च्या ६८९ नंबरच्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांच्या आत लेखी म्हणणं देता येतं, ते कोणाला पाठवायचं ते वेर्बालेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. इथपासून पुढे मात्र तुमच्या माझ्या सल्ल्याचं काम नाही. कंपनीच्या ऑफिसात जा, युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारा, ग्राहक संघटनेकडे जा, आणि वसुलीची नोटीस आली असेल तर वकिलाकडे, ती नोटीस स्वतः भाषांतर करून उत्तर द्यायची वस्तू नाही.

मागच्या वर्षी सांगलीच्या एका मुलाचं असंच झालं होतं, पहाटेची बस, दोन्ही मशीन्स बंद, त्याने पेनाने तिकिटाच्या कडेला तारीख, ५:५२, स्टॉपचं नाव आणि गाडी नंबर लिहिला होता आणि काळ्या स्क्रीनचा फोटो काढला होता, तरी तपासनिसाने वेर्बाले लिहिलाच. त्याने भांडण केलं नाही, कागद घेतला, युनिव्हर्सिटीतल्या बाईंच्या मदतीने एक पानाचं पत्र लिहिलं, तिकिटाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि फोटो जोडला आणि सतराव्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पावणेदोन महिन्यांनी उत्तर आलं, त्या गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदीत त्या दिवशीची दोन्ही मशीन्स होती, दंड रद्द.